मिनोस हे एका राजाचे नाव, दोन राजांचे, की क्रीटच्या राजपदाची उपाधी?

प्रश्न : वाचनप्रिया, रावपुरा, वडोदरा

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या मराठी वाचक मंडळात सध्या ग्रीक पुराणकथांचे वाचन चालू असून, क्रीट बेटाचा राजा मिनोस याच्यापाशी येऊन आमची गाडी अडली आहे. कथानक सर्वांना समजले आहे. अडचण राजाच्या नावाची आहे आणि ती मी शक्य तितक्या नेमकेपणाने मांडते.

एक मिनोस आम्हाला होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात भेटला. ओडिसियस मृतांच्या लोकाशी जाऊन पोहोचतो, तेव्हा झ्यूसचा हा पुत्र हाती सोन्याचा राजदंड घेऊन बसलेला त्याला दिसतो, आणि कोणी बसून, कोणी उभे राहून, मृतात्मे त्याच्यापुढे आपापली गाऱ्हाणी मांडत असतात. दुसरा मिनोस थीसियस या अथेन्सच्या वीराच्या कथेतला. समुद्रदेव पोसायडनला अर्पण करायचा बैल त्याने मोहापायी स्वतःच्या कळपात ठेवला, त्याची शिक्षा म्हणून राणी पासिफाई त्या बैलावर आसक्त झाली, तिच्या पोटी मिनोटॉर हा बैलाच्या डोक्याचा नरभक्षक राक्षस जन्मला, आणि आपला मुलगा अँड्रोजियस अथेन्सच्या भूमीत मारला गेल्याचा सूड म्हणून मिनोसने त्या नगरीवर सात मुलगे आणि सात मुली पाठवण्याची खंडणी लादली. ती मुले कुशल कारागीर डेडालसने बांधलेल्या भुलभुलैयात सोडली जात.

जो राजा जिवंतपणी परक्यांची लेकरे अशी मरणाच्या दारात ढकलतो, त्यालाच मेल्यानंतर न्यायासनावर कोणी आणि का बसवावे, यावर मंडळात बराच खल झाला. काहींच्या मते माणूस एकच आहे आणि कवींनी त्याला हवे तसे रंगवले आहे. काहींना वाटते की एकाच नावाचे दोन राजे होऊन गेले. परंतु बहुतेकांना पटलेले मत असे की 'मिनोस' हे विशेषनामच नसून, मिसरच्या राजाला जसे फेरो म्हणतात तशी ती क्रीटच्या राजांची उपाधी असावी. प्राचीन ग्रीकांनी स्वतः या प्रश्नाचे काय उत्तर दिले होते, आणि उत्खननात हे नाव कोठे लिहिलेले मिळाले आहे काय, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


उत्तर : जुनापाठक, प्रतापगंज

वाचनप्रियाताई, आपल्या मंडळाला पडलेला प्रश्न ग्रीकांनाही पडला होता, आणि दोन राजे मानण्याची कल्पना आधुनिक नाही. ती त्यांचीच आहे. मात्र ती त्यांना का सुचली हे पाहण्यासाठी वंशावळीत थोडे शिरावे लागते, आणि माझ्या मते या सबंध प्रकरणातला सर्वांत रसाळ भाग तोच आहे.

'इलियड'च्या तेराव्या सर्गात क्रीटचा सेनानायक इडोमेनियस रणांगणावर आपले कूळ सांगतो. झ्यूसने मिनोसला क्रीटचा रक्षक म्हणून जन्म दिला, मिनोसपासून ड्युकॅलियन झाला आणि ड्युकॅलियनपासून मी, असे त्याचे म्हणणे. चौदाव्या सर्गात मिनोसची आई कोण हेही येते. होमर तिला केवळ फिनिक्सची कन्या म्हणतो; पुढच्या परंपरेत ती युरोपा. म्हणजे युरोपापासून मोजले तर इडोमेनियस तिसऱ्या पिढीत येतो. आता युरोपाचा भाऊ कॅडमस घ्या. (होमरच्या वंशक्रमात कॅडमस तिचा काका ठरेल, पण रूढ कथेत तो भाऊच आहे.) हरवलेल्या बहिणीला शोधत तो ग्रीसमध्ये आला आणि थीब्ज वसवून बसला. त्याच्यापासून पॉलिडोरस, लॅबडेकस, लायस, इडिपस, पॉलिनायसिस आणि थर्सँडर अशी थीब्जची परंपरा चालते, आणि हा थर्सँडरही ट्रॉयच्या मोहिमेत निघाला होता. एकाच मोहिमेत, एकाच वेळी, बहिणीच्या बाजूने तिसरी पिढी आणि भावाच्या बाजूने सहावी! इडोमेनियस तेव्हा तरुण नव्हता, होमर त्याचे केस पिकू लागल्याचे सांगतो, हे खरे. पण तेवढ्याने तीन पिढ्यांचे अंतर भरून निघत नाही.

जोवर कथा चारणांच्या मुखी होत्या तोवर हा घोळ कोणाला टोचला नाही. वेगवेगळ्या नगरांच्या कथा एका वंशावळीत बसवण्याचे काम लेखकांनी हाती घेतले तेव्हा तो उघडा पडला, आणि त्यांनी त्यावर एक उपाय काढला. इ.स.पू. पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस आपल्या चौथ्या ग्रंथात सांगतो की झ्यूस आणि युरोपा यांचा पुत्र तो पहिला मिनोस. त्याचा पुत्र लिकॅस्टस. आणि लिकॅस्टसचा पुत्र पुन्हा मिनोस. ग्रीकांमध्ये नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती, त्यामुळे ही रचना ऐकणाऱ्याला खटकलीही नसेल. या दुसऱ्या मिनोसने पासिफाईशी विवाह केला, आरमार उभारले, समुद्रावर सत्ता गाजवली, आणि ड्युकॅलियन व एरियाडनी ही त्याचीच मुले. आता पुन्हा मोजून पाहा. इडोमेनियस तिसऱ्या पिढीतून पाचव्या पिढीत गेला आणि थीब्जशी असलेले अंतर तीनवरून एकावर आले. एवढ्यासाठीच लिकॅस्टस मध्ये घातला गेला, असे माझे ठाम मत आहे. आणि एकदा दोन मिनोस झाले, की पुण्यवान कायदेकर्ता आजोबा आणि मुलांची खंडणी घेणारा नातू अशी गुणांची वाटणी करणेही सोपे झाले.

नॅक्सॉस बेटावर तर याच्याही पुढची पायरी गाठली गेली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने थीसियसच्या चरित्रात नोंदवले आहे की नॅक्सॉसचे काही लोक दोन मिनोस आणि दोन एरियाडनी मानत. पहिली डायोनिससची पत्नी झाली; दुसरी नंतरच्या काळातली, थीसियसने पळवून आणून टाकून दिलेली, जी कॉर्किनी नावाच्या दाईसह त्या बेटावर आली. दाईची कबर तेथे दाखवली जात असे. पहिल्या एरियाडनीचा उत्सव आनंदाचा, आणि दुसरीच्या नावे होणारे विधी शोकाचे. बेटावर हे दोन परस्परविरुद्ध विधी चालू होते आणि दोन्ही एका स्त्रीच्या चरित्रात मावत नव्हते, म्हणून स्त्रिया दोन झाल्या आणि त्यांच्यापायी बापही दोन झाले.

तथापि आपला मूळ विरोध दोन राजे मानल्याने सुटत नाही, आणि याचे प्रमाण आपण वाचलेल्या सर्गातच आहे. ज्या अकराव्या सर्गात मिनोस राजदंड घेऊन न्याय करतो, त्याच सर्गात सुमारे अडीचशे ओळी आधी एरियाडनीचा उल्लेख येतो, आणि तेथे कवी तिला घातक बुद्धीच्या मिनोसची कन्या म्हणतो. दोन्ही मिनोस एकाच सर्गात आहेत आणि ते वेगळे असल्याची पुसटशी सूचनाही कवी देत नाही.


उत्तर : लिपिप्रेमी, अलकापुरी

जुनापाठक सरांनी ग्रंथांची बाजू मांडली आहे. मी उत्खननाची आणि उपाधीच्या मताची बाजू पाहतो.

क्रीटमधील नोसॉस या प्राचीन राजवाड्याच्या स्थळी पहिली कुदळ मारणारा मनुष्य इंग्रज नव्हता. क्रीटच्या इराक्लिओ शहरातला एक व्यापारी, मिनोस कालोकेरिनोस, याने 1878 मध्ये तेथील टेकडीवर खणायला सुरुवात केली आणि त्याला पुरुषभर उंचीच्या रांजणांनी भरलेली कोठारे लागली. त्याचे स्वतःचे नाव मिनोस होते, हा योगायोग मला फार आवडतो. इतकी शतके लोटल्यावरही क्रीटमधील आईबाप मुलाला हे नाव अभिमानाने ठेवत होते, हे आपल्या चर्चेत विसरू नये. पुढे इंग्रज पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने जमीन विकत घेऊन 1900 च्या मार्चमध्ये मोठे उत्खनन सुरू केले, आणि काही आठवड्यांतच जिप्समच्या दगडात घडवलेले उंच पाठीचे आसन असलेली खोली उघडी पडली. कांस्ययुगातील या संस्कृतीला 'मिनोअन' हे नाव इव्हान्सनेच रूढ केले. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कार्ल होएक या जर्मन विद्वानाने क्रीटच्या पुराणकाळासाठी ते वापरले होते. थोडक्यात, नाव पुराणकथेतून पुरातत्त्वात आले. जमिनीतून ते वर आलेले नाही.

जमिनीतून वर आल्या त्या मातीच्या पाट्या. त्यांतील रेखीय ब या लिपीचा उलगडा मायकेल व्हेंट्रिसने 1952 मध्ये केला आणि ती भाषा ग्रीकच निघाली. या पाट्यांत राजाचा उल्लेख आहे, परंतु तेथे त्याला 'वानाक्स' म्हटले आहे. होमरमध्ये येणारा 'अनाक्स' म्हणजे स्वामी, तो हाच शब्द. नोसॉसच्या एका छोट्या पाटीवर दोनच नोंदी आहेत : सर्व देवांना मधाचा एक घडा, आणि भुलभुलैयाच्या स्वामिनीला मधाचा एक घडा. त्या कारकुनाने सगळ्या देवांना मिळून जेवढा मध लिहिला, तेवढाच त्या एकट्या देवीच्या वाट्याला लिहिला आहे. भुलभुलैयाचे नाव असे थेट राजवाड्याच्या जमाखर्चातून आपल्या हाती आले, पण 'मिनोस' नावाचा राजा किंवा 'मिनोस' नावाचे पद त्या पाट्यांवर वाचता आलेले नाही. त्यांहून जुन्या, रेखीय अ लिपीतील पाट्यांची भाषा अजून उलगडलेली नसल्यामुळे त्यांच्या आधारे कोणतेच विधान करता येत नाही.

आता उपाधीचे मत. नावाची उपाधी होऊ शकते, याची इतिहासात साक्ष आहे. सीझर हे एका घराण्याचे नाव पुढे रोमच्या सम्राटांचे बिरुद झाले, आणि पार्थियाचा प्रत्येक राजा मूळ पुरुषाचे आर्सेसीस हे नाव धारण करीत असे. मिनोसचेही तसेच असावे असे गेल्या शतकाच्या आरंभी अनेक विद्वानांना वाटत होते. परंतु त्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा सरांनी दिलेल्या वंशावळीतच दडलेला आहे. मिनोस ही क्रीटच्या राजाची उपाधी असती, तर ऐंशी जहाजे घेऊन ट्रॉयला गेलेला इडोमेनियस हा मिनोस इडोमेनियस म्हणवला गेला असता, निदान त्याचा बाप ड्युकॅलियन तरी. होमर त्यांना तसे कोठेही म्हणत नाही. इतिहासकार हेरोडोटस व थ्युसिडिडीस आणि तत्त्वज्ञ प्लेटो यांच्यापैकी एकानेही मिनोस हे पदाचे नाव असल्याचे लिहिलेले नाही. फेरोच्या बाबतीत मात्र पदनाम आणि व्यक्तिनाम यांची सांगड परंपरेतच दिसते.

मग एका नावाखाली इतके कर्तृत्व कसे गोळा झाले? वडोदऱ्याच्या माणसाला हे समजायला दूर जावे लागत नाही. आपल्याकडे सयाजीराव नावाचे तीन राजे झाले. पहिले अठराव्या शतकात, दुसरे 1819 ते 1847 या काळात, आणि तिसऱ्यांचे तर जन्मनाव गोपाळराव. 1875 मध्ये जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतल्यावर ते सयाजीराव झाले. बाग, रुग्णालय, सरोवर, विद्यापीठ, जिकडे पाहावे तिकडे तेच नाव, आणि रस्त्यावरच्या माणसाला विचारले तर तो ते सगळे एकाच महाराजांच्या नावाचे म्हणून सांगेल. पहिल्या दोघांची आठवण तिसऱ्यांच्या तेजात विरघळली आहे. आपल्यापाशी दप्तरे आहेत म्हणून आपण तिघांना वेगळे काढू शकतो. ती नसती, आणि दोन हजार वर्षांनी एखाद्याने केवळ नावावरून इतिहास रचायला घेतला असता, तर त्याच्यापुढेही हेच तीन पर्याय उभे राहिले असते : एक राजा, अनेक राजे, की उपाधी. उपाधी हा पर्याय त्याला सर्वांत सुटसुटीत वाटला असता आणि तोच चुकीचा ठरला असता.


उत्तर : स्मृतिधर, वाडी

चर्चा अतिशय उद्बोधक चालली आहे. एक मुद्दा मांडण्याची अनुज्ञा असावी. मिनोस आणि आपला मनू यांच्या नावांतील साम्य कोणाच्याही लक्षात येण्यासारखे आहे. दोघेही आद्य राजे, दोघेही धर्मनियम घालून देणारे, दोघांचेही मूळ देवापाशी. शिवाय मनूने जलप्रलयातून मनुष्यजात वाचवली, आणि ग्रीकांच्या जलप्रलयातून वाचलेला ड्युकॅलियन हा तर मिनोसचा पुत्र. इतकी साम्ये असताना ही दोन्ही नावे एकाच मुळातून आली असे का मानू नये?


उत्तर : जुनापाठक, प्रतापगंज

स्मृतिधरजी, हे साम्य एकोणिसाव्या शतकातील भाषापंडितांनाही मोहवून गेले होते, आणि जर्मन लोकांचा आदिपुरुष मॅनस यालाही त्यांनी याच माळेत ओवले होते. मनू आणि मॅनस यांच्या नात्याला आजही आधार आहे, कारण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या असून दोन्ही शब्दांचा संबंध 'मनुष्य' या अर्थाशी लागतो. मिनोसचे तसे नाही. त्या नावाची ग्रीक भाषेतून समाधानकारक व्युत्पत्ती लागत नाही, आणि ग्रीक लोक क्रीटमध्ये येण्याआधी तेथे जी भाषा बोलली जात होती तिच्यातूनच ते आले असावे असा विद्वानांचा कल आहे.

ड्युकॅलियनविषयी मात्र स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण हा गोंधळ पुष्कळांचा होतो. जलप्रलयातून पिर्ऱ्हा या पत्नीसह वाचलेला आणि पाठीमागे दगड टाकून नवी मनुष्यजात निर्माण करणारा ड्युकॅलियन हा प्रोमिथियसचा पुत्र, थेसलीचा. मिनोसचा ड्युकॅलियन निराळा. नाव तेच, माणसे दोन. येथे दोघांचे बाप, देश आणि पिढ्या परंपरेतच स्पष्टपणे वेगळ्या आहेत. मिनोसच्या बाबतीत दोन माणसे मानण्याला असा भक्कम आधार असता, तर मीही ते आनंदाने मान्य केले असते.


प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : वाचनप्रिया, रावपुरा

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. उपाधीचे मत आम्ही आता सोडून द्यावे हे मला पटले, आणि इडोमेनियसचा मुद्दा तर मंडळात मी आवर्जून सांगणार आहे. परंतु राजा एकच होता असे धरले, तर माझा पहिला प्रश्न अधिकच टोकदार होतो. होमरने एका शब्दात घातक बुद्धीचा म्हटले असले तरी त्याच्या काव्यात मुलांची खंडणी नाही, मिनोटॉरही नाही. मग एका न्यायी राजाचे नाव इतके काळे कोठे झाले आणि कोणी केले? आमच्यातील कित्येकांना मिनोस म्हटले की केवळ ती चौदा मुले आठवतात.


उत्तर : जुनापाठक, प्रतापगंज

ताई, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. याचे उत्तर प्राचीनांनीच दिले असून ते एका शब्दाचे आहे : अथेन्स.

प्लेटोच्या नावावर 'मिनोस' याच शीर्षकाचा एक छोटा संवाद आहे. तो प्लेटोचाच असेल याविषयी अभ्यासकांना शंका आहे, पण त्यातला सॉक्रेटिस जे म्हणतो ते आपल्या प्रश्नासाठी मोलाचे आहे. त्याचा सहकारी मिनोसला क्रूर आणि अन्यायी म्हणतो, तेव्हा सॉक्रेटिस त्याला सांगतो की ही तुमच्या अथेन्सच्या शोकांतिकांतली गोष्ट आहे. मिनोसने या नगरीशी वैर केले आणि नाटककारांनी रंगभूमीवर त्याचा सूड घेतला. पुढे कित्येक शतकांनी प्लुटार्क थीसियसच्या चरित्रात हेच अधिक जड अंतःकरणाने लिहितो. ज्या नगरीपाशी वाणी आहे आणि काव्य आहे तिच्याशी शत्रुत्व पत्करणे किती भारी पडते, असे म्हणून तो सांगतो की कवी हेसिअडने मिनोसला राजांतला श्रेष्ठ राजा म्हटले, होमरने त्याला झ्यूसशी संवाद करणारा म्हटले, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. नाटककारांचीच सरशी झाली. क्रीटपाशी उत्तर देणारे नाटककार नव्हते.

याच चरित्रात प्लुटार्कने क्रीटच्या लोकांची बाजूही जपून ठेवली आहे, आणि ती आपल्या मंडळाने अवश्य वाचावी. फिलोकोरस या अथेन्सच्याच इतिहासकाराचा हवाला देऊन तो सांगतो की क्रीटच्या लोकांच्या म्हणण्याप्रमाणे भुलभुलैया हा एक तुरुंग होता. त्यात कैद्यांना पळून जाता येत नसे, याखेरीज दुसरा कोणताही जाच नव्हता. अँड्रोजियसच्या स्मरणार्थ मिनोस खेळांच्या स्पर्धा भरवी आणि ही मुले विजेत्यांना बक्षीस म्हणून दिली जात. पहिल्या स्पर्धांत जिंकलेला त्याचा सेनापती टॉरस नावाचा होता आणि तो मुलांना निर्दयपणे वागवी. टॉरस म्हणजे बैल, यावरून राक्षसाची कथा झाली असे हे स्पष्टीकरण सुचवते. ॲरिस्टॉटलच्या मतेही मुलांना ठार केले जात नव्हते, ती क्रीटमध्ये दास म्हणून राबत म्हातारी होत. मुले पळवून दास करणे हा अन्याय नव्हे असे मी मुळीच म्हणत नाही. तो अन्यायच आहे. परंतु नरभक्षक बैलापुढे टाकणारा राजा आणि पराभूत नगरीकडून माणसांची खंडणी घेणारा राजा यांत अंतर आहे, आणि दुसऱ्या प्रकारचे राजे प्राचीन जगात पुष्कळ होते.

अथेन्सबाहेर मिनोसची ख्याती कशी होती हे पाहायचे असेल तर प्लेटोच्या 'लॉज' (कायदे) या संवादाचा आरंभ वाचावा. एक अथेन्सचा, एक स्पार्टाचा आणि एक क्रीटचा असे तीन वृद्ध नोसॉसहून झ्यूसच्या गुहेकडे पायी निघाले आहेत. उन्हाळ्याचे दिवस आहेत, वाटेत उंच झाडांच्या सावलीत विसावे घ्यायचे ठरते, आणि बोलणे सुरू होते ते कायदे कोणी दिले यावरून. मिनोस दर नवव्या वर्षी आपल्या पित्याला भेटायला जाई आणि त्याच्या आदेशानुसार नगरांसाठी कायदे करी, हे क्रीटचा वृद्ध मान्य करतो. ही कीर्ती केवळ कवींची नव्हती. क्रीटच्या गॉर्टिन नगरात इ.स.पू. पाचव्या शतकातील विवाह, वारसा, दत्तक आणि दासांविषयीचे कायदे दगडी भिंतीवर सुमारे सहाशे ओळींत कोरलेले आजही उभे आहेत. एक ओळ उजवीकडून डावीकडे आणि पुढची डावीकडून उजवीकडे, जसा शेतकरी नांगर वळवतो तशी. ज्या बेटावर कायदा असा भिंतीवर लिहून ठेवण्याची प्रथा होती, त्या बेटाच्या मूळ राजाला परलोकात न्यायाधीश करण्यात ग्रीकांना काही विपरीत वाटले नाही. प्लेटोच्या 'गॉर्जिअस' या संवादात परलोकाचे दुसरे दोन न्यायाधीश येतात : ऱ्हाडामँथस आशियातून आलेल्यांचा आणि ईअकस युरोपातून आलेल्यांचा न्याय करतो, आणि जेथे त्या दोघांना निर्णय करता येत नाही तेथे अखेरचा शब्द मिनोसचा असतो.


उत्तर : लिपिप्रेमी, अलकापुरी

सरांच्या विवेचनात एका गोष्टीची भर घालतो, कारण या राजाचे नाव क्रीटबाहेर किती दूर पोहोचले होते हे त्यातून कळते. मिनोआ नावाची ठिकाणे समुद्रकाठी अनेक होती : मेगाराजवळ एक, अमोर्गोस बेटावर एक, आणि सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर हेराक्लिआ मिनोआ, जिचे अवशेष आजही पाहता येतात. थ्युसिडिडीसने मिनोसला आरमार बाळगणारा पहिला ज्ञात राजा म्हटले, त्याने सिक्लाडीस बेटांवर आपले पुत्र अधिकारी म्हणून नेमले आणि समुद्रावरील चाचेगिरी मोडून काढली असे लिहिले, ते वाचताना ही गावांची नावे डोळ्यांपुढे ठेवावीत. हेरोडोटस मात्र अधिक सावध आहे. समुद्रावर सत्ता गाजवण्याचा विचार करणारा पहिला ग्रीक म्हणून तो सामोसच्या पॉलिक्रेटीसचे नाव घेतो, आणि मिनोसला बाजूला ठेवून माणसांच्या ज्ञात पिढ्यांपुरते आपण बोलत आहोत असे स्पष्ट करतो.

सिसिलीचा संबंध मिनोसच्या मृत्यूशी आहे. क्रीटमधून निसटलेल्या डेडालसचा माग काढताना मिनोस एक मळसूत्री शंख बरोबर नेई आणि त्यातून दोरा ओवून देणाऱ्याला मोठे बक्षीस कबूल करी, कारण हे काम डेडालसवाचून कोणाला जमणार नाही हे तो जाणून होता. सिसिलीतील कामिकोसचा राजा कोकॅलस याने तो शंख घेतला आणि घरात लपवलेल्या डेडालसला दिला. डेडालसने शंखाला भोक पाडले, मुंगीला दोरा बांधून तिला आत सोडले, आणि ओवलेला शंख परत आला तेव्हा मिनोसने आपला माणूस ओळखला. त्याने डेडालसची मागणी केली. कोकॅलसने होकार देऊन त्याचा पाहुणचार केला, आणि स्नानाच्या वेळी कोकॅलसच्या मुलींनी त्याला उकळत्या पाण्याने मारले. हेरोडोटसच्या माहितीप्रमाणे पॉलिख्ना आणि प्रेसॉस ही दोन नगरे सोडून सगळ्या क्रीटने त्याच्या मृत्यूचा बदला घेण्यासाठी सिसिलीवर स्वारी केली, कामिकोसला पाच वर्षे वेढा घातला, आणि शेवटी त्यांना वेढा उठवून हात हलवत निघून जावे लागले.

डायोडोरस पुढची हकीकत देतो. मिनोसबरोबर आलेल्या लोकांनी त्याला सिसिलीतच पुरले आणि त्यावर दुहेरी वास्तू बांधली : तळाशी दिसणार नाही अशी कबर, आणि वर सर्वांना खुले असलेले ॲफ्रोडायटीचे देऊळ. पिढ्यान्‌पिढ्या लोक देवळात येत राहिले आणि खाली कोण आहे हे विसरून गेले. पुढे ॲक्रागास नगर वसवले जात असताना ती कबर उघडी पडली, आणि थेरॉन तेथे सत्तेवर असताना त्या अस्थी क्रीटच्या लोकांना परत देण्यात आल्या. हा थेरॉन पुराणातला नाही, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात सत्तेवर असलेला तो इतिहासातला राज्यकर्ता आहे. ताई, आपल्या मंडळात कोणी पुन्हा उपाधीचा मुद्दा काढला तर ही हकीकतही सांगावी. ज्यांनी त्या अस्थी दिल्या आणि ज्यांनी त्या घेतल्या, त्या दोघांच्याही लेखी मिनोस हा एक मनुष्य होता, आणि त्याला त्याच्या बेटावर पोहोचवणे आपले कर्तव्य आहे असे त्यांना वाटले.